खोक्यांचं प्रतिष्ठान

अ‍ॅशबर्नमध्ये पुठ्ठ्याची खोकी हवी तितकी मिळतात. अमेरिकेतल्या आमच्या या गावभर पसरलेल्या बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारतींत सर्व्हर घुमत असतात आणि त्यांचं नवं सामान माणूसभर उंचीच्या खोक्यांतून येतं. आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं अशा इमारतींत कामाला आहेत, मीही आहे. त्यामुळे गणपतीचा देखावा काय करायचा हे आमच्याकडे देवापेक्षा खोक्यांवर जास्त अवलंबून असतं. एका वर्षी त्यांचा किल्ला झाला, एका वर्षी लेणी झाली. लेण्यांच्या छतावर बाण आणि 'ही बाजू वर' अशी इंग्रजी अक्षरं शेवटपर्यंत दिसत राहिली, पण लोकांनी ती गोड मानून घेतली.

यंदा अध्यक्षांनी पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर केलं, "धिस इयर आपण एन्शंट कॅपिटल करतोय. प्रतिष्ठान. आपल्याकडे पैठणची ऑथेंटिक व्यक्ती आहे."

ऑथेंटिक व्यक्ती म्हणजे मी. पैठणची असून माझ्याकडे पैठणी एकच, यावरून मला मंडळात बारा वर्षं चिडवतात. पैठण म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, एवढं सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून आठवत होतं. उरलेलं त्यांनी मीटिंग चालू असतानाच फोनवर शोधलं आणि पाच मिनिटांत आराखडा तयार झाला: मधोमध सिंहासन, बाजूला हत्ती, पुढे दरबारी. मी म्हटलं, राजा नको. साध्या माणसांची एक गल्ली करू. एक घर, पाण्याचा आड, मणी घडवणारा, धान्याचं दुकान.

"राजाच नाही?" माझी नागपूरची मैत्रीण म्हणाली. "मग यार, लोक फोटो कुठे काढतील?"

हा प्रश्न आमच्याकडे क्षुल्लक नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी सिंहासन बाहेर लॉबीत ठेवायचं, आत गल्ली करायची, असा तह झाला. गल्लीची जबाबदारी माझ्यावर आली. मला तेच हवं होतं, आणि त्याचं कारण मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

कारण माझी आई होती. वडील गेल्यानंतरची तिची ही तिसरी फेरी. दर वेळी सहा महिने राहायची आणि पैठणला परत जायची, तिथल्या दोन खोल्यांच्या सिमेंटच्या घरात, एकटी. मी एकुलती एक. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि ते मला पंधरा दिवसांनी, तेही शेजारणीकडून कळलं. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वेळी आली की तिला परत जाऊ द्यायचं नाही. मी इथली नागरिक झाले आहे, आईसाठी ग्रीन कार्ड मागता येतं. सगळे फॉर्म मी भरून ठेवले होते, फक्त तिच्या सह्या राहिल्या होत्या. मे महिन्यापासून ते फॉर्म जेवणाच्या टेबलावर एका निळ्या फोल्डरमध्ये पडून होते आणि आई त्यांच्या शेजारी बसून मेथी निवडायची. विचारलं की म्हणायची, "गणपती होऊ दे." म्हणजे नाही म्हणायची हिंमत होईपर्यंत थांब, हे मला कळत होतं.

तिची अडचणही मला दिसत होती. मी आणि नवरा सकाळी सातला बाहेर पडायचो, मुलगी शाळेत जायची, आणि आई दिवसभर त्या टाउनहाउसच्या तीन मजल्यांवर वरखाली करत बसायची. बाहेर जायला गाडी लागते, गाडी तिला येत नाही. कुणी घरी आलं तर "काकू, कशा आहात?" विचारून आपसात बोलायला लागायचं. तिला इथे काहीतरी करण्याजोगं सापडलं तर ती राहील, असा माझा अंदाज होता. आणि प्रतिष्ठानातल्या साध्या माणसांबद्दल आमच्या सबंध मंडळात जर कुणाला काही कळत असेल, तर ते फक्त तिला.

मी तिसरीत असताना गावाजवळच्या पांढरीवर खोदकाम करायला शहरातून सर लोक आले. जुनी वस्ती जिथे गाडली गेली आहे त्या पांढुरक्या मातीच्या टेकाडाला आमच्याकडे पांढर म्हणतात. खणायला गडी घेतले, माती वाहायला बाया घेतल्या. आई पहिल्या हंगामात घमेली उचलायला गेली. ती सातवी पास आहे आणि तिचं अक्षर छापल्यासारखं आहे, हे तिथल्या कुठल्याशा सरांच्या लक्षात आलं. दुसऱ्या हंगामापासून तिला खापऱ्यांवर बसवलं.

खापऱ्या म्हणजे फुटलेल्या मडक्यांचे तुकडे. ते पोत्यांनी निघतात. पाण्याच्या टबात टाकायचे, जुन्या दातब्रशने एकेक घासायचा, गोणपाटावर ओळीने वाळत घालायचा. वाळला की आतल्या बाजूला बारीक निबने काळ्या शाईत नंबर टाकायचा: कुठल्या खड्ड्यातला, किती खोलीवरचा. नंबर चुकला तर त्या तुकड्याचा पत्ता कायमचा हरवला. हे काम आईने सहा हिवाळे केलं, रोजंदारीवर. थंडीत तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि रात्री ती त्यात मेण भरायची. शाळेतल्या मुली मला खापरीवालीची पोरगी म्हणायच्या. मला त्याची भयंकर लाज वाटायची. माती वाहणारी म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण फुटकं धुणारी हे मला फारच हलकं वाटायचं.

अमेरिकेत आल्यावर मी ती लाज फार सफाईने मिटवली. आमच्या सुरुवातीच्या कुठल्याशा पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बायका आपापल्या आयांबद्दल बोलत होत्या. कुणाची प्राध्यापक, कुणाची बँकेत, एकीची तर भूलतज्ज्ञ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझी आई आर्किऑलॉजीत होती." सगळ्या "ओ वॉव" म्हणाल्या आणि विषय पनीरवर गेला. यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं, असं मी स्वतःला आजवर समजावत आले आहे.

तर ऑगस्टमध्ये आमच्या गॅरेजमध्ये प्रतिष्ठान उभं राहू लागलं. गाड्या रस्त्यावर गेल्या, खोकी आत आली. पहिले दोन दिवस आई दारातून बघत होती. तिसऱ्या दिवशी आत आली आणि म्हणाली, "हे घर कुणाचं? दार एवढं मोठं कशाला?" माझ्या मुलीने, ती सोळा वर्षांची आहे, दार कापून ठेवलं होतं. "दारात वाकावं लागायचं," आई म्हणाली. मुलीने निमूटपणे वरून पुठ्ठा चिकटवला. ती माझं एवढ्या सहज कधी ऐकत नाही.

त्यानंतर गल्ली माझी राहिलीच नाही. आई खुर्ची टाकून बसायची आणि मुलगी तिच्या हुकमाने कापायची, रंगवायची. आई मराठीत सांगायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमायचं. घरातलं सांडपाणी रस्त्यावर सोडायचे नाहीत, आई सांगायची. भाजलेल्या मातीची रुंद कडी एकावर एक रचून जमिनीत खोल खड्डा करायचे, त्यात पाणी जिरायचं. मग मुलीने पुठ्ठ्याची गोल कडी कापून घराच्या मागे तसा खड्डा केला. मणी घडवणाऱ्याच्या ओट्यावर लाल-पिवळे मणी आले, आणि आईने त्यातले निम्मे फोडायला लावले. "घडवताना लई फुटायचे. फुटकेच जास्ती सापडायचे आम्हाला."

एक दिवस तिने मुलीला मातीची छोटी विटकर करायला सांगितली, एका बाजूने रेघा ओढलेली. मुलीने विचारलं, "व्हॉट इज इट फॉर, आजी?" आईने सपाता काढून तळपाय दाखवला. वज्री होती ती, टाच घासायची. "अशा कितीतरी धुतल्या मी. काही झिजून पार गुळगुळीत झालेल्या. त्या बायांच्या पण टाचा फुटत होत्या की." मुलगी त्या विटकरीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "दॅट्स सो नॉर्मल." आईला तेवढं इंग्रजी समजलं. ती खूश झाली.

मी तिला एवढी बोलताना कधी पाहिली नव्हती. मी लहान असताना ती कामावरून यायची ती चुलीपाशी बसायची, आणि मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसायचे आणि ऐकायचे. एकदा तिने इंडियन ग्रोसरीतून आणलेला कोरा माठ फरशीवर आपटून फोडला, गल्लीत पसरायला खापऱ्या हव्या होत्या म्हणून. मग खाली बसून तुकडे वेगळे केले: काठ, मान, पोट, बूड. काठाचा एक बोटभर तुकडा उचलून तिने त्याच्या वळणावरून हवेत बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढा तुकडा असला तरी अख्ख्या मडक्याचं तोंड केवढं होतं ते सांगता येतं." मग एक तुकडा नखाने वाजवला. "हे कच्चं भाजलंय. आताचे लोक घाई करतात." मला तिचा अभिमान वाटला, आणि तो चाळीस वर्षं उशिरा वाटतोय हेही जाणवलं.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी नागपूरची मैत्रीण धान्याचं दुकान सजवायला आली. तिने मन लावून सजवलं होतं: लाल मिरच्यांच्या माळा, टोपलीत बटाटे, टोमॅटो, शेंगदाणे, मक्याची कणसं, एका वाडग्यात साबुदाणा, मागे तांदूळ आणि कडधान्यं. आईने चष्मा लावला.

"मिरच्या काढ गं बाई."

"का हो काकू?"

"तवा मिरची नव्हती आपल्याकडं. सर सांगायचे."

"मग तिखट काय घालायचे?"

"मिरे. पिंपळी."

मग बटाटे गेले. टोमॅटो गेले. शेंगदाणे, मका, एकेक करून सगळं टोपलीतून पिशवीत परत. माझी मुलगी फोनवर बघून म्हणाली, "धिस इज ऑल फ्रॉम हिअर. लाइक, द अमेरिकाज." साबुदाण्याच्या वाडग्यापाशी आईचा हात गेला तेव्हा मैत्रिणीने तो पोटाशी धरला.

"साबुदाणा पण नव्हता? मग उपासाला काय खायचे काकू?"

"उपास करायचे," आई म्हणाली.

दुकानात शेवटी तांदूळ, मूग, मसूर आणि हुलगे राहिले. मैत्रीण हसून हसून दमली आणि जाताना तिने ही हकीकत मंडळाच्या ग्रुपवर घातली. फक्त तिच्या हकिकतीत काकूंची मॅडम झाली होती. 'मॅडमनी एका नजरेत सगळं रिजेक्ट केलं. ट्रू एक्सपर्ट!'

मंगळवारी दुपारी ग्रुपवर पोस्टर आलं. वर गणपती, खाली आईचा फोटो, मैत्रिणीने गॅरेजमध्ये काढलेला, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: 'विशेष सत्कार. ज्येष्ठ पुरातत्त्व संशोधक, सातवाहनकालीन मृद्भांड्यांच्या अभ्यासक.' मी तेव्हा सर्व्हरच्या दोन रांगांमध्ये उभी होते, कानात पंख्यांचा आवाज. एक चेतावणी आली होती, ती तपासायची होती. मी उभ्या उभ्या लिहिलं, 'अरे, एक करेक्शन आहे. आई संशोधक नव्हती, ती'. पुढे काय लिहायचं ते सुचलं होतं, पण बोट चाललं नाही. ते पुसून मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्याच्यावर सत्तावीस जणांनी हृदय दिलं.

आईला सांगायला माझ्याकडे चार दिवस होते. मी तिला एवढंच म्हटलं की तुझा सत्कार आहे, शाल-श्रीफळ. ती म्हणाली, "मला कशाला? पोरीनं केलंय सगळं." आणि पेटीतून तिची बरी साडी काढून इस्त्रीला दिली. म्हणजे तिला जायचं होतं. मला वाटलं, जमलं. एकदा शाल अंगावर पडली, शंभर माणसांनी नमस्कार केला, की सोमवारी सह्या. त्या आठवड्यात मी परतीचं तिकीट कॅन्सल कसं करायचं तेही बघून ठेवलं.

रविवारी शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाली, मोदक झाले, लॉबीतल्या सिंहासनावर फोटोसाठी रांग लागली. आतल्या गल्लीतही गर्दी होती. मुलं खापऱ्या उचलून बघत होती आणि माझी मुलगी त्यांना काठ कुठला, बूड कुठलं ते दाखवत होती. मग सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. व्यासपीठावर मागे तेच पोस्टर, आता भिंतभर मोठं. आईला पायऱ्यांवरून हात धरून नेलं. वर पोचल्यावर तिने मागे वळून ते वाचलं. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. मी दुसऱ्या रांगेतून ते ओठ पाहत होते.

अध्यक्षांनी कागदावरून ओळख वाचली. "उत्खननाला आयुष्य वाहून घेतलेल्या", "प्राचीन राजधानीचं दैनंदिन जीवन उलगडणाऱ्या" वगैरे. त्यांनी ते कुठून आणलं हे विचारायची मला गरज नव्हती. माझ्या एका वाक्याला बारा वर्षांत एवढी फांद्या-पानं फुटली होती. शाल झाली, नारळ झाला, आणि माइक आईच्या हातात आला.

"नमस्कार," ती म्हणाली. माइक तिने भाकरी धरावी तसा दोन्ही हातांत धरला होता. "हे इथं लिहिलंय तशी मी कुणी नाही. संशोधक सर लोक होते. मी रोजानं होते तिथं. मी खापऱ्या धुवायची आणि नंबर टाकायची. सहा वर्षं केलं. तेवढं काम मला चांगलं येत होतं."

मग टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी दुसरा माइक घेतला. "बघा! ह्याला म्हणतात डाउन टू अर्थ. एवढं काम करून म्हणतात, मी खापऱ्या धुवायची. आपल्या मुलांनी हे शिकण्यासारखं आहे."

"नाही, नाही, खरंच," आई म्हणाली. "मी धुणारीच होते."

लोक प्रेमाने हसले. टाळ्या वाढल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सो हम्बल!" आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. गर्दीत हात सुटलेलं माणूस आपल्या माणसाकडे पाहतं तसं पाहिलं. मी उठून एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं: ती खरं सांगतेय, ऐका. माझ्या शेजारी मैत्रीण उभी राहिली, तिच्या पलीकडचे उभे राहिले, सगळा हॉल उभा राहिला. मीही उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

आई खाली आली ती परत गल्लीत गेली नाही. गुडघे दुखतात म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली, शाल मांडीवर घडी करून. माणसं येऊन वाकून नमस्कार करत होती आणि ती प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणत होती. मॅडम, पुढच्या वर्षी लेक्चर सीरिज करू या, असं दोघा-तिघांनी सांगितलं.

परतताना गाडीत मागून मुलगी म्हणाली, "शी वॉज ट्राइंग टू टेल देम, आई. व्हाय डिडन्ट यू से समथिंग?"

"मोठ्या माणसांच्या कार्यक्रमात असं मधेच बोलता येत नाही," मी म्हटलं.

"बट यू क्लॅप्ड."

मी तिला गप्प बस म्हणाले, आणि जरा जास्तच जोरात म्हणाले. आई खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर आमच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती चालल्या होत्या, एकामागून एक.

सोमवारी मी सुट्टी घेतली होती. मुलगी शाळेत गेल्यावर चहा झाला, आणि आईच म्हणाली, "आण तुझे कागद. गणपती झाले." मला इतका आनंद झाला की मी फोल्डर उघडताना कपाला धक्का दिला. लॅपटॉपवर विमान कंपनीची साइट उघडून ठेवली. मनात म्हटलं, कालचं तिने पोटात घातलं. आई आहे, घालणारच. मी सहीच्या जागांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्याच होत्या, पण ती चिठ्ठ्यांकडे बघेना. तिने पहिलं पान समोर घेतलं आणि बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे? आणि हे?"

मी सांगत गेले. नाव, जन्मगाव, नवऱ्याचं नाव, पत्ता. ती मान हलवत होती. पुढच्या पानावर एका चौकटीवर तिचं बोट थांबलं.

"इथं काय लिहिलंय?"

"व्यवसाय. म्हणजे काम काय करता ते."

"मग काय लिहिलंस?"

"गृहिणी," मी म्हटलं. "ते सगळे तसंच लिहितात आई. जुनं काम त्यांना नको असतं. त्याचे काही कागदही नाहीत आपल्याकडे."

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसला. "म्हणजे इथल्या माणसांना एक सांगितलं, इथल्या सरकारला दुसरं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी केलं ते कुठंच नाही."

"मी बदलते ना. आत्ता बदलते." मी खरोखरच पेन उचललं. "काय लिहू सांग. तू म्हणशील ते लिहिते."

"कागदावर लिहिशील गं. त्याला काय लागतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तू लहान होतीस, पोरी चिडवायच्या, म्हणून तुला माझी लाज वाटायची. लेकराला वाटते. मी कधी मनावर घेतलं नाही. पण आता तुझे केस पांढरे झालेत, आणि काल तू टाळ्या वाजवत होतीस."

मी म्हटलं, आई, मी घाबरले होते. ते खरं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे," आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्या स्पर्शाने मला वाटलं की ती माफ करतेय आणि आता सही करेल. "तिकडं मला सगळे ओळखतात," ती म्हणाली. "किराणावाल्यापासून. खापऱ्यावाली बाई म्हणतात अजून. पडले तर पडले. पण उचलायला येतील ते मलाच उचलायला येतील."

पेनाला टोपण लावून तिने ते फोल्डरवर ठेवलं आणि कुकर लावायला उठली. मला रडू आलं, आणि ते तिच्या एकटेपणासाठी नव्हतं, माझ्याच एकटेपणासाठी होतं. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ती तांदूळ धूत होती. लॅपटॉपवर विमान कंपनी मला विचारत होती, परतीचं तिकीट रद्द करायचं आहे का. मी 'नाही' दाबलं.